सगळं करा

रात्री साडेआठ वाजले की कांदिवली पूर्वेच्या त्या सातमजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या घाडींचं दार उघडं राहायचं. चाळ पाडून इमारत झाली तेव्हा प्रत्येक घराला बंद करण्याजोगं दार मिळालं. पण हॉस्पिटलची मालिका चालू असेपर्यंत सोनूबाई घाडी ते बंद करू देत नसत. मजल्यावरच्या म्हाताऱ्या एकेक करून येत आणि मिळेल तिथे बसत. सोनूबाईंची प्लास्टिकची खुर्ची टीव्हीच्या अगदी समोर असे. रिमोट मांडीवर, पाय स्टुलावर. वय एक्याऐंशी.

त्यांची सून सुगंधा आतल्या खोलीत शिलाई मशिनवर असे. ब्लाउज, फॉल, पिको. मशिनचा आवाज आला की सोनूबाई टीव्हीचा आवाज वाढवत. तो वाढला की सुगंधा पाय थांबवून हाताने टाके घाली. दोघी एकमेकींशी काही न बोलता रोज एवढं भांडण करत.

मालिका हिंदी होती आणि सोनूबाईंना हिंदी जेमतेम कळे. पण डॉक्टरांच्या तोंडचे महत्त्वाचे शब्द इंग्रजी असत, तेच ते रोज येत, आणि सोनूबाईंनी ते एकेक करून धरले होते. कोड ब्ल्यू म्हणजे सगळ्यांनी धावायचं. सीपीआर म्हणजे डॉक्टरने दोन्ही हातांनी छाती दाबायची. फ्लॅटलाइन म्हणजे पडद्यावरची रेष सरळ होऊन टीं असा लांब आवाज येणं. मग शॉक. शॉक देण्याच्या दोन दांड्यांना सोनूबाई इस्त्री म्हणत. इस्त्री छातीला लागली की माणूस गादीवरून हातभर उडायचा, रेष पुन्हा वरखाली व्हायची आणि जाहिरातीनंतर तो उठून सूप प्यायचा.

"क्लिअर," पडद्यावरचा डॉक्टर म्हणे.

"क्लिअर," सोनूबाई म्हणत आणि खुर्चीचे हात घट्ट धरत.

हे शब्द त्या घरातही वापरत. आमटी पातळ झाली की, "गे, तुझ्या आमटीचो बीपी पडलो." मुलगा काशीराम बोरिवलीच्या एका शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक होता, तो रविवारी दुपारी जास्त झोपला की, "बघ, तुझो घोव फ्लॅटलाइन." म्हाताऱ्या हसत. सोनूबाई हसत नसत. विनोद करून स्वतः न हसणं त्यांना चांगलं जमे.

इमारतीत त्यांचा शब्द चाले. कोणी आजारी पडलं की नातेवाईक आधी त्यांच्याकडे येत, मग दवाखान्यात जात. डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला परत येत. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ हॉस्पिटलात गेले तेव्हा सोनूबाईंनी त्यांच्या बायकोला भर पॅसेजमध्ये विचारलं, "शॉक दिल्यानी?"

"नाही हो. म्हणाले, उपयोग नाही."

"मगे तू ओरडलंस नाय? आपल्या घोवाक इस्त्रीसुद्धा करून घेवक येना तुका?"

ती बाई पुढे बरेच दिवस सगळ्यांना सांगत होती की आपण मागितलं असतं तर ते वाचले असते. तिला तसं वाटू लागलं ते सोनूबाईंमुळे. दुसरं सांगायला कोणी पुढे आलं नाही. सुगंधाने ते मशिनवर बसून ऐकलं होतं आणि ते खोटं आहे हे तिला माहीत होतं. पण ती काही बोलली नाही. बोलून काय होतं ते तिला कळून चुकलं होतं.

सुगंधा मुलुंडची. लग्न होऊन आली तेव्हा चोवीस वर्षांची होती, आता बावन्नची आहे. या काळात सासूने तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, हाकलून दिलं नाही. विचारलं तर काशीराम हेच सांगे आणि ते खरं होतं. सोनूबाईंची पद्धत वेगळी होती. सुगंधाच्या हातचं जेवून झाल्यावर त्या पाहुण्यांना विचारत, "भागला मां?", जणू जेवण कसंबसं निभावून न्यायचं होतं. सुगंधाला मूल झालं नाही, त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, फक्त कोणाचं बाळ घरी आलं की ते तिच्या हातातून काढून घेत आणि म्हणत, "ऱ्हवांदे, तिका सवय नाय." सुगंधाने शिवलेला ब्लाउज त्यांनी कधी घातला नाही. घरात शिंपीण असताना त्या आपले ब्लाउज मालाडला टाकायच्या.

हे सगळं सुगंधाने गिळलं असतं. तिला गिळता आलं नाही ते एकच. तिच्या वडिलांचं.

दत्ताराम मुलुंडला हॉस्पिटलात दाखल झाले ते गौरी यायच्या दिवशी. घाडींचा गणपती कांदिवलीतच बसतो आणि घरात सून एकच. गौरीचा नैवेद्य तिने करायचा. सुगंधाच्या भावाचा, हर्षदचा फोन आला तेव्हा तिच्या हातात पीठ होतं. सोनूबाई म्हणाल्या, "नैवेद्य दाखव आणि जा. तासाभरात परत येवचा. उद्या गौरी जेवतली."

ती गेली. जाण्यातच तास गेला. वॉर्डमध्ये पोचली तेव्हा वडिलांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता, पण तो पूर्ण ओढला गेला नव्हता. एक तरुण डॉक्टर स्टुलावर चढून, कोपर ताठ ठेवून, सगळं वजन टाकून त्यांच्या छातीवर दाबत होता. टीव्हीवर दाबतात तसं हलक्या हाताने नव्हे. प्रत्येक दाबासरशी खाट सरकत होती आणि वडिलांचं पोट वर येत होतं. मग टक असा आवाज आला. जाड शिवणीवर आदळून मशिनची सुई मोडते तसा. पुन्हा एकदा आला. डॉक्टर थांबला नाही. थांबायचं नसतं, हे तिला नंतर कळलं. फासळी मोडली तर दाबणं नीट होतंय असं समजायचं.

रेष परत आली. वडिलांनी डोळे उघडले. श्वास घेताना ते ओरडत होते, आणि ओरडायला श्वास लागत होता म्हणून पुन्हा ओरडत होते. सुगंधाने त्यांचा हात धरला. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. सोनूबाई होत्या. "तास झालो."

ती परत गेली. जायला नको होतं असं आज कोणीही म्हणेल.

दत्ताराम दुसऱ्या दिवशी गेले. हर्षदने फोन केला. सुगंधाचा मोबाइल देव्हाऱ्याच्या खोलीत होता, तो सोनूबाईंनी उचलला. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवस लागतं, पण कानावर पडेपर्यंत लागत नाही. गणपतीच्या दिवसांत अशा बातम्या दाबून ठेवणारी घरं कोकणी माणसांत पुष्कळ आहेत आणि कोणी त्यांना नावं ठेवत नाही. देव घरात असताना सुतक नको. सोनूबाईंनी हर्षदला सांगितलं, "तिका सांगलंय. ती गणपती सोडून येवची नाय म्हणता." फोन बंद करून त्यांनी उशीखाली ठेवला. काशीरामला माहीत होतं. त्याने आरती म्हटली.

विसर्जन करून सगळे घरी आले, प्रसाद वाटून झाला, ताटं घासून झाली, तेव्हा सोनूबाई म्हणाल्या, "आता आंघोळ कर. तुझो बापूस गेलो."

हर्षदचा अजूनही असाच समज आहे की बहिणीने बापापेक्षा सासरचा गणपती धरला. तो दिवाळीला फोन करतो, तब्येत विचारतो आणि ठेवतो.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मालिका सुरू झाल्या त्या नंतर. पहिल्यांदा पडद्यावर सीपीआर झाला तेव्हा सुगंधा पाणी प्यायला बाहेर आली होती. ती उभ्याने बघत राहिली. पडद्यावरची मुलगी उठून बसली, तिची टिकलीसुद्धा हलली नव्हती.

"बघ," सोनूबाई म्हणाल्या, "मुलुंडाच्या डॉक्टरांका जमला नाय ता."

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गेल्यावर मात्र सोनूबाई घाबरल्या. आपण मरणाला भितो असं त्यांनी कधी म्हटलं नसतं. पण रात्रीचं दूध त्या घेईनाशा झाल्या आणि डॉक्टरचा नंबर भिंतीवर खडूने लिहून घेतला. देवदिवाळीला त्यांची मुलगी माधुरी सासरहून आली, तेव्हा त्यांनी काशीरामला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. कोकणात कुठलंही मोठं काम असलं की देवापुढे नारळ ठेवून, घरच्या सगळ्यांना उभं करून, मोठ्याने देवाला सांगतात. एक जण सांगतो, बाकीचे व्हय म्हाराजा म्हणून कबूल होतात. कबूल झालेलं फिरवता येत नाही.

"माझ्याबद्दल घाल," सोनूबाई म्हणाल्या.

काशीरामने टॉवेल खांद्यावर टाकला. "बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," माधुरी आणि सुगंधा म्हणाल्या.

"आज ह्या घाडींच्या घरात तुझ्या पायांकडे नारळ ठेवन ही लेकरां गाऱ्हाणा घालतत. आमच्या आवशीक काय झाला, तर तिका चांगल्या हॉस्पिटलात नेवन..."

"आयसीयूत," सोनूबाई म्हणाल्या.

"आयसीयूत ठेवन, हार्ट बंद पडला तर सीपीआर करून..."

"इस्त्री इसारलंस."

"शॉक देवन," काशीराम म्हणाला. माधुरी ओढणी तोंडाला लावून हसत होती. "व्हेंटिलेटर लावन, काय एक कमी न करता तिका परत हाडूची, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्यांचा काय खरा नाय," सोनूबाई मुलांकडे हात करून म्हणाल्या. "हो डॉक्टरासमोर मुततलो आणि ही रडतली. सुगंधा, तू नारळावर हात ठेव."

सुगंधाने हात पुढे केला नाही. ती म्हणाली, "आई, एक सांगू का. टीव्हीत दाखवतात तसं नसतं ते. मी बघितलंय. फासळ्या मोडतात. माणूस परत येतो पण ओरडत येतो."

माधुरीने तोंडावरची ओढणी खाली घेतली. काशीराम टॉवेलच्या टोकाशी चाळा करू लागला.

सोनूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. "तुझ्या बापाशीच्यो मोडल्यो आसतीत," त्या म्हणाल्या. "तो होतोच पिचक्या हाडाचो. आम्ही पेज खाऊन वाढलो. आणि तुका काय वाटता माका कळत नाय? मी जावक व्हयी म्हणान तू भिती घालतंस."

सुगंधाने नारळावर हात ठेवला. "सगळं करीन," ती म्हणाली. "काही कमी करणार नाही. व्हय म्हाराजा."

तिचा आवाज स्वच्छ होता, असं माधुरी आजही सांगते.

मार्चमध्ये सोनूबाईंच्या पायांना सूज आली, मग त्यांना आडवं झोपता येईना. एका सकाळी त्या खुर्चीत बसल्या बसल्या निळ्या पडल्या. बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत जागा मिळाली. रुग्णवाहिकेत ऑक्सिजनच्या मास्कखालून त्या सुगंधाला विचारत होत्या, पल्स किती. पोचल्यावर मॉनिटर बघून त्यांना बरं वाटलं असावं. सगळं ओळखीचं होतं. पडदे, पांढरा उजेड, टिकटिक.

आयसीयूच्या डॉक्टरचं नाव ऋता. पस्तिशीची, कामाची, जास्त न बोलणारी. तिने काशीराम, माधुरी आणि सुगंधा या तिघांना दाराबाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. हृदय थकलंय. फुप्फुसांत पाणी भरतंय, किडन्या मागे पडल्यात. औषधं चालू आहेत, पण हृदय कधीही थांबू शकतं.

"थांबलं तर काय करायचं, ते तुम्ही आता ठरवा," ती म्हणाली. "तेव्हा वेळ नसतो."

"म्हणजे शॉक?" काशीरामने विचारलं.

"शॉक सगळ्यांना देत नाहीत. हृदय थरथरत असेल, ठोके वेडेवाकडे पडत असतील, तर शॉकने ते ताळ्यावर येऊ शकतं. पूर्ण थांबलं, रेष सरळ झाली, की शॉकचा उपयोग नाही. सरळ रेषेला कोणीच शॉक देत नाही. टीव्हीवर देतात. यांचं थांबलं तर बहुतेक सरळच थांबेल. मग राहतं छाती दाबणं, औषधं आणि श्वासाची नळी. या वयात, या हृदयाला, ते केलं तरी घरी जाण्याची आशा फार कमी. आणि त्रास होतो. फासळ्या मोडतात. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही उपचार सोडणार नाही. धाप कमी ठेवू, दुखू देणार नाही, तुम्हाला जवळ बसू देऊ. फक्त शेवटी छाती दाबणार नाही."

माधुरी रडू लागली. "नको. शांत जाऊ दे तिला. दादा, सांग ना."

काशीरामने बायकोकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं त्याने अवघड वेळी असंच पाहिलं होतं, आधी आईकडे आणि मग बायकोकडे.

"आईंनी गाऱ्हाणं घातलंय," सुगंधा म्हणाली. "आपण तिघांनी व्हय म्हटलंय."

"अगं वहिनी, ते टीव्ही बघून बोलली ती. तिला काय माहीत?"

"मी सांगितलं होतं. तुझ्यासमोर सांगितलं. तेव्हा तू का नाही बोललीस?"

माधुरीने ओढणीने नाक पुसलं. सुगंधा डॉक्टरकडे वळली. "सगळं करा."

"नक्की?"

"त्यांची तीच इच्छा आहे."

यात खोटं काही नव्हतं. डॉक्टर ऋताने काशीरामला विचारलं, त्यानेही मान हलवली, आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी छतावरच्या स्पीकरमधून आवाज आला. कोड ब्ल्यू, आयसीयू. जिन्यातून दोन डॉक्टर धावत आले, एक सिस्टर गाडी ढकलत आली. काशीरामच्या हातात चहाचा कागदी कप होता.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"तुमच्या आईसाठी धावतायत," सुगंधा म्हणाली. "चहा प्या."

दार बंद झालं. काशीराम कान झाकून बसला. सुगंधा दाराजवळ उभी राहिली. जाड काचेतून आवाज येत नव्हता. नुसती एक पाठ दिसत होती, ताठ हात, आणि ती पाठ वरखाली होत होती. तिला आवाजाची गरज नव्हती. तो तिला पाठ होता.

रेष परत आली. डॉक्टर ऋता घाम पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आल्यात परत. व्हेंटिलेटरवर आहेत. तीन-चार फासळ्या गेल्यात, त्या जाणारच होत्या."

शॉक दिला नव्हता. सोनूबाईंचं हृदय सरळ रेषेत थांबलं होतं.

दुपारी एकेका माणसाला आत सोडलं. काशीराम दारापर्यंत गेला आणि चक्कर येते म्हणून परतला. माधुरी आत गेली, आईच्या तोंडातली नळी बघून मोठ्याने रडली, तशी सिस्टरने तिला बाहेर आणलं. नंतर सुगंधा गेली.

सोनूबाई जाग्या होत्या. त्या कितपत शुद्धीत आहेत ते बघायला सकाळपासून गुंगीचं औषध कमी केलं होतं. नळी ओठांच्या कडेला चिकटपट्टीने बसवलेली. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं मऊ पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेली. मशिन श्वास आत ढकली तेव्हा छाती उचलली जाई आणि त्या प्रत्येक वेळी डोळे घट्ट मिटत. मिनिटाला पंधरा-सोळा वेळा. आवाज येत नव्हता. नळी स्वरयंत्रातून गेलेली असली की ओरडता येत नाही. हे मालिकेत कधी आलं नव्हतं. तिथे लोक व्हेंटिलेटरवर नुसते झोपलेले असतात, केस विंचरलेले, चेहऱ्यावर पावडर.

सुगंधाला बघून सोनूबाईंनी बांधलेला हात जमेल तेवढा उचलला. बोटाने आधी नळी दाखवली, मग छाती, मग सुनेकडे बोट केलं. आणि मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. नळीमुळे ती जास्त हलत नव्हती, पण दोनदा, तीनदा हलली. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं.

सिस्टर पलीकडच्या खाटेवर सलाइन बदलत होती.

सुगंधाने पदराने त्यांचे डोळे पुसले. विस्कटलेले केस कपाळावरून मागे घेतले. मग कानाशी वाकून म्हणाली, "आई, नारळावर हात ठेवलाय मी."

सोनूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मशिनने श्वास ढकलला, त्यांनी डोळे मिटले, उघडले. पुन्हा मान हलवली.

"तासभर बसते," सुगंधा म्हणाली. "मग मला जायला हवं."

ती खरंच तासभर बसली. सिस्टरने नंतर काशीरामला सांगितलं की तुमच्या मिसेससारखी सून बघितली नाही, सगळा वेळ हात धरून होत्या.

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर ऋता बाकाजवळ थांबली. बीपी औषधांवर टिकवलंय, लघवी बंद आहे, आज रात्री किंवा उद्या हृदय पुन्हा थांबेल असं वाटतंय. "मी पुन्हा विचारते, कारण आता परिस्थिती बदललीय. परत छाती दाबायची का?" आणि मग सुगंधाला म्हणाली, "तुम्ही दुपारी आत होता. त्या जाग्या झाल्या का, काही खूण केली का? हो, नाही, काहीही. मी गेले तेव्हा त्या पुन्हा गुंगीत होत्या. पेशंटने स्वतः काही सांगितलं तर आमच्यासाठी ते सगळ्यात मोठं."

माधुरी मान वर करून बघू लागली. काशीरामही.

दार अर्धं उघडं होतं. आतून टिकटिक ऐकू येत होती. सुगंधाने पर्सची चेन लावली.

"नाही," ती म्हणाली. "झोपूनच होत्या."

"काहीच नाही?"

"काही नाही. गाऱ्हाणं घातलंय त्यांनी. सगळं करा."

पहाटेपूर्वी एकदा आणि उजाडल्यावर एकदा, असं दोनदा केलं. दुसऱ्यांदा रेष परत आली नाही.

बाराव्याला इमारतीतल्या सगळ्या बायका आल्या. पंगत उठल्यावर त्या टीव्हीच्या खोलीत बसल्या. प्लास्टिकच्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, सोनूबाईंनी नशीब काढलं, आमच्या ह्यांना असं करणारं कोणी नव्हतं. दुसरीने विचारलं, "शॉक दिला का गं?"

"नाही. सरळ रेषेला देत नाहीत."

"असं कसं? आम्ही रोज बघतो की."

"टीव्हीवर देतात," सुगंधा म्हणाली आणि ताटं उचलायला वाकली.

माधुरी तिच्यामागून स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"वहिनी, खरं सांग. तू होतीस आत. आई शेवटी काही म्हणाली का?"

सुगंधाने नळ सोडला. ताटाखाली हात धरला, पाणी गरम आहे का पाहिलं.

"तोंडात नळी होती," ती म्हणाली. "कशी म्हणणार?"

मग तिने दुसरं ताट घेतलं.